राकूच्या भांड्यात खायचं का नुसतं बघायचं: स्टुडिओतल्या प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

दिवाळीसाठी एका ऑफिसकडून गिफ्ट सेटची विचारणा आलीये. राकूचे, म्हणजे भट्टीतून लालबुंद बाहेर काढून झटकन गार केलेल्या मातीचे, छोटे कप, तांब्याची ती इंद्रधनुषी चमक असलेले, आणि सोबत सुक्यामेव्यासाठी एक वाटी. पैसे चांगले आहेत, राकू करायला मला मनापासून आवडतं, पण कप म्हटलं की कोणीतरी त्यात चहा ओतणार आणि वाटी म्हटलं की त्यात आज काजू असले तरी उद्या लिंबू पिळलेली कोशिंबीर जाणार. प्रत्येक प्रदर्शनात हा प्रश्न येतोच, "ताई, यात खाल्लं तर चालतं ना?" आणि स्टॉलगणिक उत्तर वेगळं मिळतं. कोणी सांगतं जपानात चारशे वर्षं यातूनच चहा पितात, बिनधास्त वापरा. कोणी सांगतं हात पण लावू नका, विष आहे. मला वाटतं दोघं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत आणि नाव एकच असल्यामुळे सगळा गोंधळ आहे. म्हणून ऑर्डर घ्यायच्या आधी आपली माती, आपलं ग्लेझ (वरचा काचेचा लेप), आपली भट्टी यावर नीट तपासून बघायचं ठरवलंय, ऐकीव गोष्टींवर हो म्हणायचं नाही. ऑफिसला सांगितलंय, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कळवते.

९ सप्टेंबर, सोमवार

उद्या गौरी यायच्यात, घरात सगळी आवराआवर, त्यामुळे आज मातीला हात नाही. वाचन केलं आणि टिपणं काढली.

राकूची सुरुवात क्योटोतली, सोळाव्या शतकाच्या शेवटची. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हा चहाविधीचा मोठा गुरू, त्याला दिखाऊ चिनी भांड्यांऐवजी साधे, शांत, दोन्ही तळव्यांत बसणारे बाऊल हवे होते, ते त्याच्यासाठी चोजिरो नावाच्या कुंभाराने घडवले. चाकावर नाही, हातानेच उभे करायचे आणि मग खरवडून आकार आणायचा. तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या जुराकुदाई वाड्यावरून राकू हे नाव पडलं असं सांगतात, पुढे ते त्या घराण्याचंच नाव झालं आणि घराणं अजून चालू आहे, २०१९ पासून सोळाव्या पिढीकडे काम आहे. म्हणजे राकू मुळात ओठाला लावायचीच वस्तू. "राकू म्हणजे शोभेचं" असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यायला हवं.

पण त्यांची पद्धत बघा. काळं राकू करताना छोटी कोळशाची भट्टी, एका वेळी एकच बाऊल, भात्याने वारा घालत साधारण १२०० अंशांपर्यंत न्यायचं, ग्लेझमध्ये कामो नदीच्या दगडाची पूड, त्यात लोह आणि मँगनीज. लालबुंद असताना चिमट्याने बाहेर ओढायचं आणि उघड्या हवेत झटकन गार होऊ द्यायचं, म्हणून तो खोल काळा रंग येतो. चिमट्याची खूण बाऊलवर राहते आणि ती आवडीने बघितली जाते. लाल राकू याहून बऱ्याच कमी तापमानाला भाजतात. यात कुठेही भुशाचा ड्रम नाही, धूर कोंडणं नाही, तांब्याची झळाळी नाही.

ती सगळी नंतरची, अमेरिकेतली गोष्ट. बर्नार्ड लीच हा इंग्रज कलाकार १९११ साली टोकियोत एका पार्टीला गेला होता, तिथे पाहुण्यांनी भांडी रंगवायची आणि त्यांच्यासमोरच ती भाजून मिळायची, ते बघून हा माणूस कुंभारकामालाच लागला. त्याने राकूवर लिहिलेलं वाचून १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनर या कुंभाराने स्वतः करून बघितलं, तापलेलं भांडं झाडाच्या पाल्यात टाकलं, धूर मातीत आणि ग्लेझच्या तड्यांत शिरला आणि एक वेगळंच रूप आलं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये राकू म्हणून शिकवतात ते हे सोल्डनरच्या वाटेवरचं. मी पण हेच शिकले आणि हेच करते.

आणखी एक टिपून ठेवते कारण हे कोणी स्टॉलवर सांगत नाही. चहाविधीत राकू बाऊल वापरायच्या आधी कोमट पाण्यात भिजवतात, म्हणजे मातीची छिद्रं स्वच्छ पाण्याने भरतात आणि चहा आत मुरत नाही. माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा, उकळता नसतो, साधारण ८० अंशांच्या आसपास, तो काही मिनिटांत पिऊन संपतो आणि फारसा आंबटही नसतो. मग बाऊल नुसत्या पाण्याने धुवायचं, साबण नाही, आणि लाकडी पेटीत ठेवायच्या आधी कित्येक दिवस वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते, वास येतो. एवढी निगा राखली तर ते बाऊल पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आपल्याकडे कप रात्रभर सिंकमध्ये खरकट्यात पडतो, सकाळी भांडी घासणाऱ्या मावशी तारेच्या घासणीने खसाखसा घासतात. मी त्यात कोणाला दोष देत नाही, रोजचं भांडं तसंच वापरलं जाणार.

आणि जपानी आहे म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही, जुन्या राकूत, विशेषतः लाल राकूत, शिशाचं ग्लेझ वापरलं जायचं.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं, आजपासून पुन्हा काम. चाचणीचे कप, वाट्या आणि टाइल्स आधीच बिस्क (ग्लेझ लावायच्या आधीची पहिली भाजणी) करून ठेवल्यात, १००० अंशांना. माती नेहमीची स्टोनवेअर (जास्त तापमानाला पिकली की घट्ट होणारी), त्यात जवळपास पाव हिस्सा जाडसर ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, कारण तो नसेल तर लालबुंद भांडं बाहेरच्या हवेत आलं की तडकतं.

ग्लेझ तीन घेतलेत. पहिलं पारदर्शक क्रॅकल, म्हणजे तडे पडणारं, मोठा भाग बोरॅक्स फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) आणि थोडं फेल्डस्पार हे खनिज. दुसरं तेच, पण त्यात कॉपर कार्बोनेट शेकडा पाच. तिसरं कॉपर मॅट, ज्यात जवळजवळ सगळं कॉपर कार्बोनेटच आणि चिकटून राहण्यापुरतं एक दशांश फ्रिट. लोकांना जी इंद्रधनुष्यासारखी चमक वेड लावते ती या तिसऱ्याची. याला खरं तर ग्लेझ म्हणणंच चुकीचं आहे, काच होण्याइतकी काच त्यात नसतेच, तो तांब्याचा थर आहे.

काचेबद्दल थोडं लिहून ठेवते, पुढच्या सगळ्या चाचण्या यावरच उभ्या आहेत. ग्लेझ टिकाऊ व्हायला त्यात सिलिका आणि अल्युमिना भरपूर लागतं, आणि ते वितळायला जास्त तापमान लागतं, वेळ लागतो. राकूत आपण ९५० ते १००० अंशांना, तेही तासाभरात, ग्लेझ वितळवतो. मग वितळवण्यासाठी बोरॉन जास्त घालावं लागतं आणि सिलिका-अल्युमिना कमी करावं लागतं. अशी काच दिसायला चकचकीत पण आंबटासमोर कच्ची. तिच्यात तांबं मिसळलं की तांबं घट्ट धरून ठेवायची तिची ताकद अजून कमी.

फ्रिटचं मात्र ठासून सांगायचंय. बाजारात सुटं फ्रिट मिळतं, गोणीवर नाव नाही, विचारलं तर "लेड-फ्री आहे ना मॅडम" एवढंच उत्तर. शिसं घातलं की ग्लेझ कमी तापमानाला छान वितळतं आणि चकाकतं, म्हणून शिशाची फ्रिट्स अजूनही बनतात आणि विकली जातात. ज्या फ्रिटचा घटकांचा कागद दुकानदार देत नाही ते माझ्या स्टुडिओत येणार नाही, शोभेच्या वस्तूसाठी पण नाही, कारण बादल्या, ब्रश, चाळण्या सगळ्या त्याच असतात. आणि पावडर नाकात जाते ती आधी आपल्याच.

२२ सप्टेंबर, रविवार

आज उघडीप मिळाली, भट्टी लावली. फायबर लावलेला पत्र्याचा ड्रम, खाली गॅसचा बर्नर, पायरोमीटरची (तापमान मोजायच्या यंत्राची) तार वरच्या भोकातून आत. पहिली अर्धी वाट हळू, कारण पावसाळी हवेत बिस्क केलेल्या भांड्यातही ओल असते. मग गॅस वाढवला. ९८० च्या आसपास भोकातून बघितलं तर ग्लेझवरचे बुडबुडे बसून पृष्ठभाग ओला, सपाट दिसायला लागला होता, तो क्षण आकड्यापेक्षा डोळ्यांनीच पकडायचा असतो. बर्नर बंद, झाकण वर, लांब चिमट्याने एकेक कप बाहेर. बाहेरच्या हवेत आल्याबरोबर टिक टिक टिक असा बारीक आवाज सुरू होतो, ग्लेझला तडे जायला लागतात. मग सरळ भुशाच्या ड्रममध्ये, भडका, वर कागद, झाकण दाबून कडेने ओली फडकी.

आत काय होतं तर भुसा जळायला हवा लागते, ती कोंडलेली असते, मग आग ग्लेझमधल्या कॉपर ऑक्साइडमधला ऑक्सिजन खेचून घेते आणि मागे लाल तांबं उरतं. जिथे ग्लेझ नाही तिथे कार्बन मातीत शिरतो, काळाभोर. तड्यांतही कार्बन जातो आणि ते जाळं उठून दिसतं. वीसेक मिनिटांनी झाकण काढलं, पाण्यात बुडवले, घासले. कॉपर मॅटचा एक कप असा निघालाय की स्टुडिओतल्या सगळ्या मुली तो हातातून सोडेनात. जांभळा, शेंदरी, मध्येच मोरपिशी. अशा वस्तूला "फक्त" शोभेची म्हणायची आपली सवय मला खटकते. घरात एखादी गोष्ट नुसती बघायला असणं हे कमी नाहीये.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पाणी शोषण्याची चाचणी. पद्धत सोपी आहे, कोणीही करू शकतं, भांडं ओव्हनमध्ये पूर्ण कोरडं करून वजन घ्यायचं, मग काही तास पाण्यात उकळायचं, त्याच पाण्यात दिवसभर बुडवून ठेवायचं, बाहेर काढून ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपायचं आणि पुन्हा वजन. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले शंभर.

क्रॅकल ग्लेझचा कप कोरडा ४१२ ग्रॅम, ओला ४६६. म्हणजे १३ टक्के. चांगल्या स्टोनवेअरचा आकडा दोन-तीनच्या आत असायला हवा, माझ्याच गॅस भट्टीतल्या मगचा १.७ आला. राकूचा कप आतून-बाहेरून ग्लेझ लावलेला असूनही एवढं पाणी पितो, कारण तडे आरपार मातीपर्यंत जातात.

यावर एक उपाय पटकन सुचतो की मग जास्त तापमानाला भाजून माती घट्ट करा. पण इथेच राकूची मेख आहे. माती घट्ट झाली, काचेसारखी झाली की लालबुंद असताना हवेत काढल्यावर ती फुटणार. मोकळी, सच्छिद्र आहे म्हणूनच ती हा धक्का झेलते. ज्या गुणामुळे राकू होऊ शकतं तोच गुण जेवणाच्या भांड्यात नको असतो. मला या सगळ्या कामात सगळ्यात महत्त्वाचं काही वाटत असेल तर हेच, बाकी ग्लेझ बदलता येतं, शिसं टाळता येतं, हे टाळता येत नाही.

उकळताना अजून एक लक्षात आलं, पाण्याला धुराचा वास आला. अर्धवट जळलेल्या भुशाचं जे काही मातीत मुरलंय ते गरम पाण्यात सुटतंय. चहा ओतला तर चहात सुटणार.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आंबटाची चाचणी. प्रयोगशाळेत भांड्यातून शिसं आणि कॅडमियम सुटतं का ते बघायला चार टक्के ॲसेटिक ॲसिड खोलीच्या तापमानाला २४ तास भरून ठेवतात. आपल्या किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर बहुतेक चार टक्क्यांचंच असतं, त्यामुळे घरी त्याच वाटेने जाता येतं, मोजता आलं नाही तरी दिसतं बरंच. तिन्ही ग्लेझच्या वाट्यांत आणि तुलनेला एका काचेच्या वाटीत काल व्हिनेगर भरून झाकून ठेवलं होतं.

आज बघितलं. काचेतलं स्वच्छ. क्रॅकलमधलं व्हिनेगर जवळपास रंगहीन, पण वाटीची पातळी खाली गेली होती, बाकीचं मातीने पिऊन टाकलं, आणि तळाखालचा कागद ओला. तांब्याच्या ग्लेझमधलं हिरवट. कॉपर मॅटमधलं सरळ निळं-हिरवं, आणि जिथपर्यंत व्हिनेगर होतं तिथपर्यंतची झळाळी जाऊन मातकट पट्टा.

मग प्रत्येकाचा थोडा भाग टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन त्यात अमोनियाचं पाणी घातलं, खिडकी उघडी ठेवून. तांबं असेल तर गडद निळा रंग येतो. दोन्ही तांब्याच्या नमुन्यांत आला, मॅटमध्ये तर शाईसारखा. पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला २ मिलिग्रॅम, आपल्या भारतीय मानकात जास्तीत जास्त १.५. डोळ्यांना असा गडद निळा दिसतोय म्हणजे त्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे हे सांगायला यंत्र नको. एवढं तांबं पोटात गेलं की मळमळ, उलटी, पोटात कळा.

आणि हे लोकांना सांगितलं पाहिजे की प्रयोगशाळेचा नेहमीचा रिपोर्ट शिसं आणि कॅडमियमचाच असतो. तिथे पास झालेलं भांडं तांब्याच्या बाबतीत काहीच सांगत नाही. "सर्टिफिकेट आहे" म्हणून तांब्याच्या राकू कपात लिंबू सरबत देणाऱ्यांनी रिपोर्टवर नक्की काय मोजलंय ते वाचावं.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, हे काय नवीन आहे का? बिनकल्हईच्या पितळेत आमटी कळकते तसं ते कळकणार." बरोबर आहे तिचं. आमच्या लहानपणी कल्हईवाला दारावरून जायचा तो यासाठीच, चिंच-आमसुलाचं जेवण तांब्या-पितळेला लागू नये म्हणून मध्ये कथलाचा थर. राकूच्या तांब्यावर कल्हई नाही.

लिंबाची फोड पण ठेवली होती क्रॅकल टाइलवर रात्रभर. फोडीच्या आकाराचा निस्तेज डाग राहिलाय, धुतल्यावरही जात नाही. तांबं नसलेलं ग्लेझसुद्धा आंबटाने खाल्लं जातंय.

३० सप्टेंबर, सोमवार

आंबट नसलेल्या गोष्टी. तांबं नसलेल्या क्रॅकल वाट्याच घेतल्या.

हळदीचं दूध: तड्यांचं काळं जाळं आतल्या बाजूने पिवळं झालं, घासून निघत नाही. चहा: तपकिरी. पातळ चिवडा कागद न लावता ठेवला, कारण फराळाच्या वाटीला लोक तेच करणार. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या काळ्या मातीवर तेलकट ओल दिसायला लागली. वाटी तशीच ठेवलीये, तेलाचं काय होतं ते आठवड्याने बघायचं.

बिनसालाचे बदाम, मनुका, वेलची, यांना काही झालं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

मुंढव्याला केशवनगरात कुंभार काकांकडे जाऊन आले. नवरात्र चालू, पणत्यांची घाई, तरी बसवून चहा पाजला. मला त्यांना एकच विचारायचं होतं, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं की माठ पण सच्छिद्र असतो, त्यातलं पाणी आपण पितोच की, मग राकूनेच काय घोडं मारलंय.

काका म्हणाले, "ताई, माठाचा जीव उघडा असतो. पाणी आतनं येतं, भायेर जातं, वारा लागतो, ऊन लागतं. तुमच्या भांड्याला तुम्ही दोन्ही अंगानं काच लावलीये. गेलेलं पाणी निघणार कुठनं?" मला हे इतकं नेमकं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. माठातून पाणी सतत झिरपून उडत राहतं, म्हणून तर ते गार होतं, आणि माठात आपण पाणीच ठेवतो, सांबार नाही. राकूत जे आत जातं ते तड्यातून जातं आणि बाहेर पडायला फक्त तळाची उघडी माती. आत ओल, उब, अन्नाचे कण, बुरशीला अजून काय हवं.

दह्याच्या मडक्याचं पण विचारलं. ते म्हणाले दह्याचं मडकं दह्यालाच, दुसरं काही घालायचं नाही, वास यायला लागला की फेकून नवीन घ्यायचं, "वीस-तीस रुपयाचं मडकं हाय, कुणी जपतं का?" राकूचा कप मात्र लोक जपणार, भेट म्हणून आलेला, महागाचा, फेकणार नाहीत.

येताना पणत्या घेतल्या.

७ ऑक्टोबर, सोमवार

चिवड्याच्या वाटीला खवट वास. साबणाने धुऊन उन्हात ठेवली, ऊन लागल्यावर वास वाढलाच, तेल आतून वर आलं. फराळाच्या वाटीचा विषय माझ्यापुरता संपला. लाडू-शंकरपाळे कागदी वाटीत घालून ठेवले तर गोष्ट वेगळी, मग राकू फक्त आधार.

९ ऑक्टोबर, बुधवार

छिद्रं बुजवण्याचे उपाय, कारण ऑनलाइन प्रत्येक जण काहीतरी लावून "फूड सेफ" करतोय.

पेज: कोकणात नवीन मडक्यात पेज शिजवून ते वापरायला काढतात, जपानात दोनाबे नावाचं मातीचं भांडं पण तांदळाची पेज शिजवूनच तयार करतात, स्टार्च छिद्रांत बसतो. चुलीवर रोज चढणाऱ्या भांड्याला हे उत्तम. राकूच्या वाटीत करून बघितलं, गळणं खरंच कमी झालं, पण हे भांडं पुन्हा विस्तवावर चढत नाही, त्यामुळे तो स्टार्चच काही दिवसांत आंबला. आणि ग्लेझमधलं तांबं यानं अडत नाही ते वेगळंच.

मेण: गार पाण्याला चालतं. गरम चहा ओतला की वर तवंग.

इपॉक्सी, रेझिन: डब्यावर फूड ग्रेड लिहिलेलं असलं तरी ते बरोबर प्रमाणात मिसळून पूर्ण वाळल्यावरच्या अवस्थेबद्दल असतं, आणि गरम पदार्थाला किती तापमानापर्यंत चालतं ते वेगळं बघावं लागतं. समजा सगळं जमलं, तरी मग माणूस मातीच्या भांड्यातून पीत नाही, प्लॅस्टिकच्या थरावरून पितो. मला ते विकायचं नाहीये.

ॲक्रिलिक स्प्रेचा उपयोग मात्र आहे, शोभेच्या कॉपर मॅटवर. उघड्या हवेत ते तांबं महिन्यां-वर्षांत पुन्हा ऑक्साइड होतं, रंग मळकट हिरवा होत जातो, स्प्रेने ते लांबतं. गिऱ्हाइकाला हे पण आधी सांगायचं.

मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरबद्दल वेगळी चाचणी करायची गरज नाही. १३ टक्के पाणी प्यायलेली माती मायक्रोवेव्हमध्ये स्वतःच तापते, हात भाजतो नाहीतर भांडं फुटतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

कालचा दसरा सोडला तर चार दिवस डोक्यात एकच, ऑफिसला नुसतं नाही म्हणायचं का. त्यांना कप हवेत, मला कप द्यायचेत.

आत वेगळं ग्लेझ आणि बाहेर राकू असाही विचार केला, आत तांबं नसलेलं, मातीशी जुळणारं, तडे न जाणारं. थिअरीत ठीक. प्रत्यक्षात ९८० अंशांवरून एका मिनिटात खाली आणताना तडे न जाणं फार अवघड, आणि आज नाही गेले तरी अशी कच्ची माती हवेतली ओल पिऊन हळूहळू फुगते आणि महिन्यांनी ग्लेझला तडे जातात. मी सहा महिन्यांनंतरच्या कपाची हमी देऊ शकत नाही.

मग चोजिरोकडेच परत गेले. त्याच्या बाऊलमध्ये मला जे आवडतं ते धूर किंवा चमक नाहीच, ते हाताने दाबून, खरवडून आलेलं अंग आहे, ओठाला लागणारी थोडी आत वळलेली कड, तळव्यात बसणारं वजन. हे सगळं स्टोनवेअरमध्ये करता येतं. हाताने घडवायचे, लोहाचं काळं ग्लेझ लावायचं, गॅस भट्टीत १२४० ला नीट पिकवायचे आणि भट्टीतच सावकाश गार होऊ द्यायचे. ते राकू नसतील आणि मी त्यांना राकू म्हणणार नाही. आज संध्याकाळी पहिले काही उभे केले, दोन्ही अंगठ्यांनी, चाक न लावता. चाकापेक्षा वेळ चौपट लागतो पण प्रत्येकाचं तोंड वेगळं येतंय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागिरी. गच्चीवर मसाला दूध होतं, दोघा-तिघांनी राकूचे कप मागितले, चांदण्यात काय सुंदर दिसतील म्हणून. दिसले असते. मी स्टोनवेअरच्याच मगांत दिलं आणि राकूच्या कपांत मेणपणत्या लावून कठड्यावर ठेवले, आणि खरं सांगायचं तर तिथेच ते जास्त शोभले, ज्योत आतून लागली की तांब्याचे रंग हलायला लागतात.

चाचणीसाठी एका राकू कपात दूध तासभर ठेवून धुऊन टाकलं होतं. आज सकाळी नासक्या दुधाचा वास. राकूत काय ठेवायचं नाही या यादीत दूध व्हिनेगरच्या खालोखाल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसला कळवलं आणि त्यांनी मान्य केलं: पिण्यासाठी हाताने घडवलेले काळे स्टोनवेअर कप, आणि सोबत राकूची मेणपणती. ड्रायफ्रूटची राकू वाटी हवी असेल तर कोरड्या, तेल-मीठ न लावलेल्या सुक्यामेव्यासाठीच, तीही पारदर्शक क्रॅकलमधली, तांब्याची नाही. कॉपर मॅटची वाटी मी करणार नाही सांगितलं, कारण वाटीचा आकार दिला की माणसाचा हात आपोआप त्यात खाऊ ठेवणार, चिठ्ठी किती दिवस टिकते. यापुढे कॉपर मॅटच्या वस्तूंना तळात भोक, सगळ्यांनाच. मेणपणती, फुलदाणी असेल तर आत काचेची नळी, भिंतीवरच्या टाइल्स.

प्रत्येक पेटीत जाणारी चिठ्ठी आज लिहिली, छापायला द्यायची:

"ही राकू पद्धतीची वस्तू आहे. माती सच्छिद्र आहे आणि ग्लेझला मुद्दाम तडे पाडलेले आहेत. यात चहा, दूध, पाणी, आंबट, तेलकट किंवा ओलं काहीही ठेवू नका. कोरडे बदाम-मनुका क्रॅकल वाटीत चालतील. तांब्याच्या रंगाच्या वस्तूत खाण्याचं काहीच नको. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. तांब्याचा रंग काळानुसार बदलत जातो."

तळाचा शिक्का वेगळा करतेय, खाण्याच्या भांड्यांना नेहमीचा गोल, राकूला चौकोनी. पेटी हरवली, चिठ्ठी फाटली तरी वस्तू उलटी केल्यावर कळायला हवं. स्टुडिओत भिंतीवर पण लावायचं, नवीन मुलींसाठी. स्टोनवेअरची भट्टी शुक्रवारी, तोपर्यंत उरलेले कप वाळले पाहिजेत, आज हवा दमट आहे त्यामुळे पंखा लावून ठेवलाय.